पाठीला विचारून गाडी घ्या

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरही आहे. म्हणजे महाराष्ट्रातले सगळ्यांत सरळ आणि सपाट रस्ते मोटरसायकलवाल्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्याला पुण्याहून मुंबई गाठायची तर जुना महामार्ग आणि खंडाळ्याचा उतार. कोकणात उतरायचं तर ताम्हिणी, वरंधा नाहीतर कुंभार्ली. दुभाजक असलेला चौपदरी महामार्ग मिळालाच, तर तिथेही केंद्राने २०१८ साली ठरवलेली दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर. तरीही शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असतो, ‘टॉप किती जाते?’ आणि दुसरा, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’

दुसरा प्रश्न निदान खिशाशी संबंधित आहे. पहिला मात्र जी गरज पडणारच नाही तिच्यासाठी पैसे मोजायला लावतो. जी गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला न्यायची, रविवारी घाटात काढायची आणि गणपतीला गावाकडे डबलसीट घेऊन जायची, तिचा खरा कस ३० ते ८० या वेगाच्या पट्ट्यात, खराब रस्त्यावर आणि दोन तास सलग बसल्यावर लागतो. या प्रकरणात जुनी गाडी बदलताना हा कस कसा पाहायचा, ते समजून घेऊ.

जुनी गाडी काय सांगते

नव्या गाडीचा शोध जुन्या गाडीपासून सुरू करावा. आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीने तुमच्याबद्दल जेवढी माहिती जमवली आहे, तेवढी कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. तासाभराने नेमकं काय दुखतं? मनगटं आणि तळवे दुखत असतील, तर शरीराचा भार हँडलवर पडतो आहे. माकडहाड दुखत असेल, तर सीटचा फोम बसला आहे किंवा पाय फार पुढे जात आहेत. गुडघे आखडत असतील, तर सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर तुमच्या पायांना कमी पडतं आहे. बोटांना मुंग्या येत असतील, तर ती इंजिनाची थरथर आहे. आणि घाटात डबलसीट चढताना सारखा गिअर उतरवावा लागत असेल, तर इंजिन तुमच्या ओझ्याला पुरत नाही.

यातल्या काही तक्रारींसाठी गाडी बदलायची गरजच नसते. सीटचा फोम बदलता येतो, हँडल थोडं उंच बसवता येतं, पुढच्या शॉकमधलं तेल बदलता येतं. मागच्या शॉकच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. पान्याने ती फिरवली की स्प्रिंगवरचा ताण कमी-जास्त होतो. कित्येक गाड्या भंगारात जातात, पण ती कडी कंपनीने बसवलेल्या खाचेतून एकदाही हललेली नसते. एवढं करून ज्या तक्रारी उरतील, त्याच नव्या गाडीकडून तुमच्या अपेक्षा.

गाडी खरोखर बदलावी असं सांगणारी कारणं वेगळी आहेत. नोंदणीला पंधरा वर्षं झाली की आरटीओकडे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला गंज धरू शकतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सीलही त्यासाठी बनवलेले नसतात. शिवाय एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ते नाही. पावसात ओल्या डांबरावर करकचून ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी ही यंत्रणा गाडी बदलण्याचं एकटंच पुरेसं कारण ठरू शकते.

बसण्याचा त्रिकोण

मोटरसायकलवर शरीर तीन ठिकाणी टेकतं: सीटवर, फूटरेस्टवर आणि हँडलवर. या तीन बिंदूंचा त्रिकोण आराम ठरवतो. सीसी, गिअर, मीटर हे सगळं त्यानंतर.

हँडल खाली आणि पुढे असलं, की कंबर वाकते आणि भार तळव्यांवर येतो. रेसिंगच्या गाडीवर ते चालतं, कारण मोठ्या वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो. हडपसरच्या सिग्नलला तो वारा नसतो. तिथे सगळा भार मनगटांनीच सोसायचा. याच्या उलट टोकाला क्रूझर. हँडल जवळ, सीट खाली, पाय पुढे. शोरूममध्ये बसताच आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं आणि बरेच सौदे तिथेच पक्के होतात. अडचण पहिल्या खड्ड्याला कळते. पाय पुढे असल्याने फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही आणि आलेला दणका थेट माकडहाडातून कण्यात शिरतो.

आपल्या रस्त्यांसाठी म्हणून एक साधी कसोटी लावावी: गाडीवर बसलेल्या जागेवरून, हँडल न ओढता, फूटरेस्टवर उभं राहता येतं का? येत असेल, तर पाय शरीराच्या खाली आहेत. गतिरोधक किंवा खड्डा आला की चालक सीटवरून इंचभर उठतो आणि त्याचे गुडघे तिसऱ्या शॉकचं काम करतात. पाठ ताठ, कोपरं किंचित वाकलेली, पाय खाली, अशी सरळ बैठक देणाऱ्या गाड्या दिसायला फार आक्रमक नसतात. पण पाच तासांनी गाडीवरून उतरताना माणूस वाकलेला नसतो.

सीटबद्दलही एक गैरसमज आहे. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी सीट चांगली, असं आपण धरून चालतो. फार मऊ फोम वजनाखाली पूर्ण दबतो आणि मग बसकण खालच्या टणक तळावर टेकते. जरा कठीण, पण रुंद आणि सपाट सीट शरीराचं वजन पसरवते आणि तासाभरानंतर तीच बरी वाटते. पुढे उतरती सीट माणसाला सतत टाकीकडे सरकवत राहते. दहा मिनिटांच्या फेरीत हे लक्षात येत नाही, म्हणून सीट डोळ्यांनी बाजूनेही पाहावी.

उंची आणि वजन

माहितीपत्रकातले दोन आकडे मात्र काळजीपूर्वक वाचावेत. एक सीटची उंची, दुसरा पेट्रोलसह गाडीचं वजन. हिरोच्या स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आणि वजन ११२ किलोच्या आसपास. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली, तर सीट ८०५ मिलिमीटरवर आणि वजन १९५ किलो. उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक, वजनात मात्र ८० किलोंहून जास्त. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही. उलट हमरस्त्यावर शेजारून कंटेनर गेला तर ते गाडीला स्थिर ठेवतं. ते जाणवतं पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना, चढावर अर्ध्यात थांबावं लागल्यावर आणि सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर.

म्हणून उंची मोजताना नुसते पाय टेकतात का एवढंच पाहू नये. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर कमी उंचीची गाडीही पाय फाकवते आणि टाचा उचलल्या जातात. नेहमीचे बूट घालून, दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकवून, गाडी स्टँडवरून सरळ करून पाहावी आणि बसल्याबसल्या चार पावलं मागे न्यावी. हे जमलं नाही, तर ती गाडी कितीही आवडली तरी रोजच्या वापराची नाही. पन्नाशीच्या पुढच्या किंवा बेताच्या उंचीच्या चालकाने तर इथूनच सुरुवात करावी. रॉयल एनफिल्डच्याच मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर येते ती याच कारणाने आकर्षक वाटते, पण तिचे फूटरेस्ट पुढे आहेत, हेही लक्षात ठेवायचं. एक सोय घेताना दुसरी सोडावी लागते. कुठली सोडायची ते तुमच्या जुन्या दुखण्याने सांगितलेलं असतं.

ताकद किती, यापेक्षा कुठे

इंजिनाची ताकद दोन आकड्यांत सांगतात. अश्वशक्ती म्हणजे इंजिन एकूण किती वेगाने काम करू शकतं. टॉर्क म्हणजे चाकाला फिरवणारा जोर. आपण ज्याला ‘पिकअप’ म्हणतो, त्याचा संबंध टॉर्कशी, आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो याच्याशी असतो.

क्लासिक ३५० चं इंजिन २७ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांवर देतं. बजाजने चाकणमध्ये बनवलेली आणि २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ३७.५ न्यूटन मीटर देते, पण ६,५०० फेऱ्यांवर. अश्वशक्तीत दुसरी पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून तीच चांगली, असं होत नाही. पहिल्या गाडीत गिअर न बदलता चौथ्यात सावकाश घाट चढता येतो आणि गर्दीत क्लचशी झटापट कमी होते. दुसरीत ओव्हरटेक करताना हाताशी भरपूर जोर असतो, पण तिची खरी मजा इंजिन फिरतं ठेवणाऱ्याला. तुम्ही गिअर उशिरा बदलता की लवकर, हे तुमच्या जुन्या गाडीच्या क्लचप्लेट बदलणाऱ्या मेकॅनिकलाही ठाऊक असतं.

मोठं इंजिन लागतं कुठे, तर वाऱ्याशी आणि ओझ्याशी लढताना. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलं, की तो पावणेदोन पटींच्या वर जातो, आणि नुसता वारा कापायला लागणारी ताकद सव्वादोन पटींहून जास्त होते. शंभर सीसीची गाडी ८० ला जाते, पण तिथे ती आपली जवळजवळ सगळी ताकद खर्च करत असते. ओव्हरटेकसाठी काही उरत नाही. १५०-१६० सीसीची गाडी तिथे थोडी मोकळी असते, ३५० ची निवांत. आरामाचा मोठा भाग या निवांतपणात आहे, कारण दमलेलं इंजिन चालकालाही दमवतं.

थरथर

एका सिलिंडरच्या इंजिनात एकच पिस्टन वरखाली धावतो. मिनिटाला ४,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ हेलकावे. ते चौकटीतून हँडल, फूटरेस्ट आणि सीटपर्यंत पोचतात. इंजिनात उलटा फिरणारा एक वजनदार दांडा बसवला, की तो पिस्टनचा धक्का बराचसा मारून टाकतो. याला बॅलन्सर म्हणतात. जुन्या बुलेटमध्ये तो नव्हता, आणि तिच्या थरथरीवर प्रेम करणारेही कमी नव्हते. २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेल्या आणि पुढच्या वर्षी क्लासिकमध्ये बसलेल्या नव्या ३४९ सीसी इंजिनात तो आहे. होंडाच्या सीबी ३५० मध्येही आहे. रॉयल एनफिल्डची दोन सिलिंडरची इंटरसेप्टर ६५० आणखी गुळगुळीत चालते, मात्र तिचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं.

थरथर प्रत्येक गाडीत कुठल्या तरी एका वेगाला वाढते. ती जागा तुमच्या नेहमीच्या वेगावर येऊ नये, एवढंच पाहायचं. टेस्ट राइडला रोज ज्या वेगाने जाता त्याच वेगावर, वरच्या गिअरमध्ये, दोन-तीन किलोमीटर गाडी एकसारखी चालवावी. आरशातली मागची गाडी स्पष्ट दिसते की तिचा नुसता डाग दिसतो, यावरून उत्तर मिळतं.

चाक, शॉक आणि खड्डा

मोठं चाक खड्ड्यात कमी खोल उतरतं आणि त्याच्या कडेवर सहज चढतं. लहान चाक आत पडतं आणि कडेवर आपटतं. म्हणून कच्च्या रस्त्याच्या गाड्यांचं पुढचं चाक २१ किंवा १९ इंचांचं असतं आणि शहरात चपळ वळणाऱ्या गाड्यांचं १७ इंचांचं. सगळीकडच्या वापरासाठी पुढे १८ किंवा १९ इंच हा मधला मार्ग ठरतो.

शॉक किती खालीवर होऊ शकतो, म्हणजे त्याचा ‘प्रवास’, हा दुसरा भाग. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला पुढे-मागे प्रत्येकी २०० मिलिमीटरचा प्रवास मिळतो; क्लासिकच्या पुढच्या शॉकला १३०. जास्त प्रवास म्हणजे मोठा खड्डा गिळायला जास्त जागा. पण त्यासाठी गाडी उंच करावी लागते, आणि सीट ८२५ मिलिमीटरवर जाते. तुमच्या वाटेवर डांबर नेहमीच उखडलेलं असेल तर हा सौदा परवडतो. नसेल तर उंची नुसती भोगावी लागते.

पंक्चरचाही विचार इथेच करावा. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि ट्यूब फाटली की हवा झटकन जाते. अलॉय चाकातल्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू उतरते आणि चाक न काढता पंक्चर निघतं. माळशेजच्या पावसात हा फरक माहितीपत्रकातल्या कुठल्याही अश्वशक्तीपेक्षा मोठा.

मागची सीट

एकट्याने टेस्ट राइड घेऊन डबलसीटची गाडी विकत घेणं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आकडे पाहा. ११२ किलोची गाडी, ६५ किलोचा चालक, असं १७७ किलोचं गणित. त्यात ६० किलोचं माणूस मागे बसलं की एकूण वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, आणि ते जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट वर पाहू लागतो, ब्रेकला अंतर जास्त लागतं. १९५ किलोच्या गाडीत हीच वाढ चौथाईहूनही कमी. गावाकडच्या लांब फेऱ्या दोघांनी करायच्या असतील, तर जरा जड गाडी घेण्याचं हे खरं कारण आहे.

मागे बसणाऱ्याचा आराम मात्र वजनावर नव्हे, सीटच्या रुंदीवर आणि फूटरेस्टच्या उंचीवर ठरतो. बऱ्याच नव्या गाड्यांची मागची सीट शेपटीसारखी निमुळती आणि उंच असते. मागे धरायला पक्की पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निदान अर्धं मागचं चाक झाकणारं, कपडे अडकू न देणारं संरक्षण, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच बंधनकारक केलं आहे. साडी किंवा ओढणी घेऊन बसणाऱ्या बाईसाठी ही जाळी जिवाची गोष्ट असते. दिसायला बरं नाही म्हणून ती काढून टाकू नये. टेस्ट राइडला पत्नीला, आईला, जी व्यक्ती खरोखर मागे बसणार तिला घेऊन जावं आणि निर्णयात तिचं मत अर्धं धरावं.

३५० ची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. तृतीयपक्ष विम्याचे टप्पेही ७५, १५० आणि ३५० सीसीवर बदलतात, आणि ३५० च्या वर हप्ता दुपटीहून जास्त होतो. म्हणजे ३४९ आणि ३९८ सीसीमध्ये ४९ सीसीचा फरक असला, तरी करात २२ टक्क्यांची उडी आहे. आरामासाठी गाडी घेणाऱ्याला ही रेघ ओलांडण्याचं कारण क्वचितच सापडतं. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, पावसाळी जॅकेट आणि दोन वर्षांचं सर्व्हिसिंग निघतं.

याच संदर्भात आपापली सोय पाहावी. रोज वीस-तीस किलोमीटर आणि महिन्यातून एखादी लांब फेरी असेल, तर होंडा युनिकॉर्नसारखी १६० सीसीच्या आसपासची, १४० किलोंची साधी गाडी पुरते. २००४ साली ती आली ती मागच्या मोनोशॉकच्या आरामाच्या जोरावरच. दर पंधरवड्याला दोघं सातारा किंवा चिपळूण गाठत असाल, तर ३५० च्या वर्गातली सरळ बैठकीची गाडी. रस्ते मोडके, आणि पाय लांब असतील, तर सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५०: पुढे १९ इंची चाक, १६७ किलो वजन, पण सीट ८३५ मिलिमीटरवर. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, हे या प्रत्येकाच्या शेजारी लिहून ठेवायचं.

जुनीचा निरोप

एक्सचेंजमध्ये जुनी गाडी दिली तरी ती तुमच्या नावावरून उतरल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. फॉर्म २९ भरून राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. नाहीतर पुढचे दंड आणि अपघाताचे कागद तुमच्या पत्त्यावर येत राहतात. जुन्या विम्यावर क्लेम घेतला नसेल, तर नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्यावं. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर ती ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकते, आणि विक्रेता तिची आठवण करून देईलच असं नाही.

निवडीचा क्रम थोडक्यात असा: आधी उंची आणि वजन, मग त्रिकोण, मग मागची सीट, मग चाक-शॉक-ब्रेक, त्यानंतर इंजिन, आणि शेवटी रंग. पहिल्या तीन पायऱ्यांवर जी गाडी गळते, ती पुढच्या कुठल्याही गुणाने परत येत नाही, कारण इंजिनाची सवय होते, रंगाचाही कंटाळा येतो. गुडघ्याला न मानवणारा फूटरेस्ट मात्र पहिल्या दिवशी जितका छळतो, तितकाच पाचव्या वर्षीही छळतो.